ताटावरचं नाव

इथले अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचतो आहे. लिहिण्यासारखं आपल्याकडे काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी निवृत्त ग्रंथपाल. भुताखेतांच्या पुस्तकांवर नंबर चिकटवण्यात आणि ती फाटून परत आली की बाइंडिंगला पाठवण्यात माझी नोकरी गेली, पण त्यातलं एकही पान मला कधी खरं वाटलं नाही. आजही अमावास्या, चकवा, झपाटणं यातलं मी काही मानत नाही. म्हणून जे झालं ते तसंच सांगतो… मत तुमचं तुम्ही बनवा.

आम्ही सिडकोत राहतो. राहत होतो म्हणायला हवं, आता मी एकटाच आहे. दुसऱ्या मजल्यावरचा लहान फ्लॅट. बाहेरच्या खोलीत खिडकीशी जेवणाचं टेबल, आत स्वयंपाकघर, आणि त्यामागे धुण्याची गॅलरी. गॅलरीत पाण्याचा निळा ड्रम. मुलगी मुग्धा पुण्यात असते.

माझी पत्नी सुमन वैजापूरकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्तीनंतर लवकरच तिला पॅरालिसिसचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. बोलणं मात्र शाबूत राहिलं, आणि सुमनचं बोलणं शाबूत म्हणजे निम्मं घर शाबूत. पण एक वेगळीच गोष्ट झाली. डोळे चांगले असूनही तिला डावीकडचं जग दिसेना. म्हणजे दिसायचं, पण मेंदू त्याची दखलच घेत नव्हता. कुंकू लावलं तर ते कपाळाच्या उजवीकडे सरकायचं. मी डाव्या बाजूला बसून बोललो तर ती उजवीकडे मला शोधायची. आणि जेवताना ताटाचा उजवा अर्धा भाग स्वच्छ व्हायचा, डावा तसाच राहायचा. वर म्हणायची, “चटणी वाढायचं इसरले व्हय?”

त्या काळात हॉस्पिटलात शगुफ्ता सिस्टर भेटल्या. त्या नर्सिंगमध्येच पीएच.डी. करत होत्या. अशा रुग्णाबरोबर घरच्यांनाही शुश्रूषा नीट शिकवली, तर दोघांच्याही मनाला उभारी येते का, हे त्या पाहत होत्या. आठवड्यातून एकदा हॉस्पिटलच्या वरच्या हॉलमध्ये त्यांचा वर्ग भरायचा. सगळ्या सुना, मुली, बहिणी… पुरुष मी एकटा. कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीत कसं बसवायचं हे मी तिथेच शिकलो. रुग्णाशी घाईने बोलायचं नाही, हेही.

सिस्टर घरीही यायच्या. त्यांच्या ठरलेल्या प्रश्नांत एक असा होता, “या आठवड्यात मनापासून हसलात का?”

“हसले की,” सुमन म्हणाली. “ह्यांनी केलेली भाकर बघून. सिस्टर, नकाशा होता नकाशा! मराठवाडा सोडून सगळं होतं त्यात.”

ताटाची युक्ती सिस्टरांचीच. लग्नात सासूबाईंनी आम्हाला दोन जड स्टीलची ताटं दिली होती. दोन्हींच्या काठावर मशीनने ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं होतं, ‘सुमनला आईकडून’. सिस्टर म्हणाल्या, “काका, हे बेस्ट आहे. ताट वाढताना नाव पलीकडच्या बाजूला ठेवा. काकूंचं अर्धं जेवण झालं की ताट फिरवून नाव त्यांच्याकडे आणा. म्हणजे राहिलेला भाग आपोआप उजवीकडे येतो. पण लगेच फिरवू नका हां. आधी हाक मारा. डावीकडे बघा म्हणा. थांबा. त्यांना स्वतः शोधू द्या. नाहीच सापडलं, तर मग फिरवा. एक दिवस फिरवायची गरज नाही पडणार, तेव्हा समजा आपलं काम झालं.”

आणखी एक नियम होता. रुग्णाला नुसतं घेणारा करून ठेवायचं नाही. रोज एक काम त्यानेही घरच्यांसाठी करायचं, किती का लहान असेना. “काकू, तुम्ही काकांसाठी काय करणार?”

सुमनने माझ्याकडे बघितलं. मला जेवताना डाव्या हातात पुस्तक धरायची सवय आहे. आई ओरडायची, नंतर सुमन ओरडायची, काही उपयोग झाला नाही. पुस्तकाआड ताटाची डावी बाजू झाकली जाते, म्हणून माझीही चटणी, लिंबू, कोशिंबीर तशीच राहते.

“मी ह्यांचं ताट फिरवीन,” ती म्हणाली. “मला झटक्यानं दिसत नाय. ह्यांना तर झटका न येताच दिसत नाय.”

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पण सुमनने ते खरोखरच केलं. मी तिचं ताट फिरवायचो, ती उजव्या हाताने माझं. पुस्तकातून डोळे काढले की ‘सुमनला आईकडून’ माझ्या छातीशी आलेलं असायचं आणि चटणी उजवीकडे. ती काही बोलायची नाही, नुसती बघत राहायची.

पुढे दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही.

नंतरच्या दिवसांबद्दल फार लिहिणार नाही. माणसं आली, गेली. मुग्धा राहिली, तीही तिच्या संसाराला परत गेली. जाताना म्हणाली, “बाबा, चला माझ्याकडे.” मी नंतर बघू म्हणालो. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा यायला लागला. मग भूकच लागेनाशी झाली. एखादा घास खायचा आणि ताट सारायचं. पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडून घ्यावं लागलं. मी मुद्दाम उपाशी राहत होतो असं नाही, पण आपण जेवलो काय, नाही काय, कुणाला फरक पडतो… हे वाक्य मनात येऊन बसलं होतं आणि ते मला भयंकरसुद्धा वाटत नव्हतं.

अशाच एका दुपारी भाकरी-भाजी वाढून घेतली, पुस्तक धरलं, चार घास खाल्ले. पाणी घ्यायचं राहिलं म्हणून आत जाऊन आलो. बसलो, तर ताटावरचं नाव माझ्याकडे. चटणी उजवीकडे.

मी वाढताना नाव पलीकडेच ठेवतो, हात आपोआप तसाच जातो. पण मनाशी म्हटलं, सवयीने आपणच फिरवलं असेल. दुःखात माणूस काय करतो ते त्यालाच कळत नाही. चटणी तेवढी खाल्ली आणि उठलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शगुफ्ता सिस्टर आल्या. माणूस गेल्यावर सांभाळणाऱ्याचं काय होतं, हेही त्यांना बघायचं होतं. पण मला दारात पाहून त्यांनी पर्स खुर्चीवर टाकली आणि म्हणाल्या, “काका, हे काय? जेवता की नाही?”

“जेवतो ना.”

“माझ्यासमोर जेवा. चला. मी सवाल-जवाब नंतर करते.”

त्यांनीच डब्यातल्या भाकरी काढल्या. मी ताट वाढलं — उजवीकडे मेथीची भाजी, मधे वाटीत वरण, डावीकडे कारळ्याची चटणी आणि लिंबू. नाव पलीकडे. सिस्टर समोर बसून बघत होत्या. मी उजवीकडचं थोडं खाल्लं आणि हात थांबला. घास खाली उतरेना. “नको वाटतं हो,” मी म्हणालो.

तेवढ्यात खालून शेजाऱ्यांची हाक आली, “नळ आला!”

आमच्या शहरात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. किती दिवसांनी येतो, किती वेळ टिकतो याचा भरवसा नसतो. समोर कुणी का असेना, माणूस उठतो. मी उठलो, सिस्टरही पदर खोचून मागे आल्या. गॅलरीत पाइप नळाला धरेना, मी दाबून धरला, त्यांनी दुसरं टोक ड्रममध्ये धरलं. दोघंही भिजलो. ड्रम भरेपर्यंत आम्ही एकमेकांच्या समोर होतो, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या सगळा वेळ मला रागवत होत्या. दाराला आतून कडी होती.

हात पुसत बाहेर आलो. सिस्टर माझ्या पुढे होत्या. त्या टेबलाशी थबकल्या.

“काका… ताट तुम्ही फिरवलं?”

नाव माझ्या खुर्चीकडे होतं. चटणी आणि लिंबू उजवीकडे, मेथी डावीकडे. वाटीतलं वरण थेंबभरही सांडलं नव्हतं.

“मी तुमच्याबरोबरच होतो,” मी म्हणालो.

“मजाक नका करू हां.”

“मी कधी केलीय का?”

त्या खुर्चीवर टेकल्या. मीही बसलो. भीती म्हणावी तर ती नव्हती… कुणीतरी आपल्याकडे बघत आहे आणि काही बोलत नाही, एवढंच जाणवत होतं. ते मला ओळखीचं होतं.

मग मी चटणीत भाकरी बुडवली. तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं. ताट रिकामं केलं. सिस्टर शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि निघताना हळू आवाजात म्हणाल्या, “हे मी कुठे लिहू, काका?”

“नका लिहू,” मी म्हणालो.

मी तर्काने सगळं तपासलं. ताटाचा तळ ओला करून टेबलावर ठेवून पाहिलं, जरासं घसरलं, अर्धवर्तुळ काही फिरलं नाही. पंखा पूर्ण वेगाने लावून पाहिला. सिस्टरांवरही संशय घेतला, पण मला जेवायला लावण्यासाठी त्या असला खोटेपणा करणार नाहीत, आणि त्या तर माझ्यासमोर होत्या.

पुढे एका दुपारी मुद्दाम पुस्तक हातात घेतलं. उजवी बाजू संपवली, आत गेलो, रेंगाळलो. परत आलो. नाव पलीकडेच. पुन्हा आत गेलो, पुन्हा आलो. पलीकडेच. घरात नळाचा थेंब तेवढा वाजत होता. मला इतकं एकटं ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. ताटाकडे पाहिलं. डावीकडे चटणी होती.

मी हात डावीकडे नेला.

त्यानंतर ताट कधी फिरलं नाही. मी आता नीट जेवतो, सिस्टरांच्या वर्गात नव्या घरच्यांना ताटाची युक्तीही दाखवतो. फिरवण्याआधी थांबा, असं सांगतो. नळ आला त्या दुपारचं मात्र तिथे सांगत नाही. सिस्टरही सांगत नाहीत. आम्ही एकमेकांनाही विचारणं सोडून दिलं आहे.