या म्हणणारा प्रोग्राम

उभ्या सोलापुरात आमच्या घरमालकांइतका दाराकडे डोळे लावून बसलेला माणूस दुसरा नसेल. त्यातही त्यांची तऱ्हा अशी, की डोळे स्वतःचे लावायचे नाहीत, कॉम्प्युटरचे लावायचे. मी त्यांच्या जिन्याखालच्या खोलीतला भाडेकरू, माळशिरसकडून ज्युनियर कॉलेजात शिकवायला आलेला, एकटा जीव. मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला सर म्हणायचे. वयानं ते माझ्या दुप्पट होते, पण हुद्द्याच्या बाबतीत त्यांनी कधी ढिलाई केली नाही.

मामांचं घर तेलुगू बोलणारं, विणकरांचं. खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांचा जिना चढलो तेव्हा मामींनी दार उघडलं, पदर सावरला आणि हसून म्हणाल्या, "रंडि, रंडि." मराठी कानाला हा शब्द कसा लागतो ते मी इथे सांगत बसत नाही. मी बॅग उचलून उलटा फिरलोच होतो. तेवढ्यात मामा मागून आले आणि त्यांनी खुलासा केला, की तेलुगूत मोठ्या माणसाला आदरानं 'या' म्हणायचं तर असंच म्हणतात. लहानांना नुसतं 'रा' पुरतं, पण तुम्ही पडलात मास्तर. एवढा मान मला आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा कुणी दिला नव्हता. मी खोली घेतली.

मामांनी जन्मभर चादरीच्या कारखान्यात नक्षी काढली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत मोर उभा करायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे जगात जे जे दिसतं ते चौकोनांचं बनलेलं आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. मी नवा शर्ट घातला की ते तोंडाकडे न बघता खिशाकडे बघायचे आणि खिशाचा चौकडा शर्टाच्या चौकड्याला जुळत नाही, हे वाईट बातमी द्यावी तशा आवाजात सांगायचे. हैदराबादला असलेल्या त्यांच्या मुलानं रविवारी बोलायला म्हणून वेबकॅम पाठवला, तेव्हा त्यांनी तो दोन दिवस नुसता न्याहाळला आणि तिसऱ्या दिवशी मला वर बोलावून सांगितलं, "फ्रेम फ्रेम म्हणतेत ते दुसरं काय न्हाय, सर. ग्राफच हाय की."

तोवर मामी वारल्या होत्या. मामांना आधीपासूनच कमी ऐकू यायचं, पण मामी असेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण या घराचे कान त्या होत्या. बेल वाजली की त्या उठायच्या, रंडि म्हणायच्या आणि पाहुणा आत आला की मामा मोठ्यानं बोलायला सुरुवात करायचे. कानाचं यंत्र घेतलं होतं, ते कपाटात होतं. त्यात सगळ्या गल्लीचा आवाज येतो, पाहिजे तेवढाच येत नाही, ही त्यांची तक्रार. मामी गेल्यावर घर सुनं झालं आणि मामांनी त्याचं कारण स्वतःशी पक्कं करून टाकलं. मला ते पुन्हा पुन्हा सांगायचे, "लोकं येतेत, सर. बेल वाजवतेत, मला ऐकू येत न्हाय, मग परत जातेत बिचारी." मी मान हलवायचो. मी जिन्याखाली राहत होतो. वर जाणारं प्रत्येक पाऊल माझ्या डोक्यावरून जायचं, आणि दूधवाला सोडला तर माझ्या डोक्यावरून कुणी जात नव्हतं. पण हे सांगायचं कसं? ती परत जाणारी बिचारी लोकं हाच त्यांचा आधार होता.

त्या लोकांसाठी मामा या वयात प्रोग्रामिंग शिकले. वेबकॅम दारावर बसवला. प्रोग्राम त्यातून एकेक फ्रेम वाचणार, आधीच्या फ्रेमशी चौकोन-चौकोन ताडून बघणार, आणि फरक दिसला की फोटो साठवणार आणि आत मामांच्या खुर्चीसमोर लाल दिवा लागणार. शिवाय दाराशी आवाज येणार, "रंडि, रंडि." मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत मामी मांडवाच्या दारात उभ्या राहून पाहुण्यांना या म्हणत होत्या, तेवढा तुकडा त्यांनी कापून घेतला होता. मी विचारलं, "मामा, तुम्हाला तर हा आवाज आत बसून ऐकूसुद्धा येणार नाही." ते म्हणाले, "मला कशाला? येनाऱ्याला कुनीतरी या म्हणाया पायजे की."

प्रोग्राम शिकवणाऱ्या सगळ्या व्हिडिओंमध्ये सांगत, की फ्रेम मिळाली नाही तर 'ब्रेक' लिहा, म्हणजे प्रोग्राम थांबतो. मामांना हे अजिबात पटलं नाही. एक फ्रेम आली नाही म्हणून लगेच दुकान बंद करायचं, ही कुठली रीत? त्यांनी तो शब्द खोडला. मग वायर सैल झाली की प्रोग्राम आंधळ्यासारखा फ्रेम मागतच राहायचा, कॉम्प्युटर तापायचा, पंखा घोंघावायचा, आणि मामा त्याला तेलुगूत धीर द्यायचे.

सुरुवातीचे दिवस मात्र मोठे धामधुमीचे गेले. कबुतर आलं की दिवा. ढग सरला की दिवा. समोरच्यांच्या गॅलरीत वाळत घातलेली चादर हलली की तिच्यावरचे मोर मामांच्या घरी पाहुणे म्हणून यायचे. एकदा पाल कॅमेऱ्याच्या काचेवरून गेली, तेव्हा प्रोग्रामला ती दारभर मोठी दिसली असणार. आणि मामा बनियनवर दार उघडणाऱ्यातले नव्हते. दर दिव्याला शर्ट घालायचा, वरचं बटन लावायचं, मग दार उघडायचं. सांगोल्याकडून नवीनच आलेल्या कुरिअरवाल्याला रंडि ऐकू आलं आणि तो पार्सल छातीशी धरून थेट माझ्याकडे आला. वर कोण बाई आहे ते त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि तिच्या घरच्यांशी बोलायचं होतं.

मामांनी एकेक खोड काढली. चादरीची दोरी सरकवून घेतली, उन्हाचा कोपरा प्रोग्राममधून वगळला, कबुतराएवढ्या फरकाला दिवा लागू नये अशी तजवीज केली. तपासायला माणूस म्हणून मी. कधी हळू जिना चढायचा, कधी छत्री उघडून, एकदा तर डोक्यावर गादी घेऊन. शेवटी सगळं जुळलं आणि दिवा लागायचा थांबला.

नारळी पौर्णिमेला विणकरांच्या दैवताच्या, मार्कंडेयाच्या रथाची मिरवणूक निघते. मामी असताना मिरवणुकीनंतर या घरात चपला ठेवायला जागा नसायची. मामा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. ढोल-ताशे आले, गेले. दिवेलागणीला त्यांनी वरून मला हाक मारली, की प्रोग्राम अडकलाय, जरा बघा. मी जिना चढलो. दाराशी मामींचा आवाज मला आदरानं या म्हणाला, आत लाल दिवा लागला. मामांनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तपासणीपासून प्रोग्रामनं साठवलेले फोटो एकेक करून उघडले. मी छत्रीसह, मी गादीसह, मी भाजीची पिशवी घेऊन.

"दूधवाला सोडला तर सगळे तुमचेच हायत की, सर," ते म्हणाले. मग त्यांनी शेवटचा फोटो बंद केला. "म्हंजे प्रोग्राम बरोबरच हाय."

मला इतकं वाईट वाटलं, की क्षणभर तो प्रोग्राम चुकीचा निघावा असं मनापासून वाटलं. मी तिथेच बसलो, त्यांनी दिलेलं नारळीभाताचं ताट संपवलं. पाहुण्यांसाठी केलेला पातेलंभर भात तसाच होता. मग उठलो आणि आपण सगळेच निघताना म्हणतो तसं म्हटलं, "येतो, मामा."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघून ते टिपलं आणि विचारलं, "कधी?"

जन्मभर मी हा शब्द म्हणत आलो, कुणी असं विचारलं नव्हतं. मी चपला घालत, खाली बघून म्हटलं, उद्या. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी दारात उभा राहून जोरात ओरडलो, "उद्या, मामा, उद्या संध्याकाळी." मिरवणुकीहून परतणारी माणसं मान वर करून बघायला लागली. मामांनी बरं म्हटलं आणि उद्याच्या चहाला दूध पुरेल का ते बघायला आत गेले.