बाबांची पाहुणी

दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे आणि रस्त्याच्या बाजूला पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या. वादळाने वाडी आडवी केली तेव्हा माझं कॉलेज बंद होतं, मी घरीच होते. बाबांनी आणि मी मिळून पडलेले माड कापले, ओंडके ओढले, खड्डे खणून नवी रोपं लावली. "बाय, यांना नारळ धरतील तेव्हा वाडी तुझी," बाबा म्हणायचे. मी हसायचे. माझं ते हसणं त्यांनी होकार म्हणून ठेवून घेतलं होतं.

वादळानंतर आमच्या किनाऱ्याची वाळू एका बाजूने पार खरवडून गेली होती. ती कुठे गेली, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पदवी झाल्यावर मी हॉलंडमधल्या एका विद्यापीठात किनाऱ्यांच्या अभ्यासासाठी अर्ज केला. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. दुपारी जेवताना मी घरात सांगितलं.

बाबा भात कालवत होते. "कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

"ऑगस्ट संपता संपता."

"बरं."

संध्याकाळी ते ट्रेमध्ये चहा घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "घ्या. साखर चालते ना तुम्हाला?"

मला थट्टा वाटली. मी मोठ्याने हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझं ताट स्वयंपाकघरात नव्हतं. बाहेर पडवीत, पर्यटकांच्या लांब टेबलावर होतं. पुण्याचं एक कुटुंब नाश्त्याला बसलं होतं. त्यातल्या बाईंनी मला सहज विचारलं, "तुम्ही कुठून आलात?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "त्या परदेशी निघाल्यात. जाईपर्यंत आहेत आमच्याकडे." आणि माझ्या पोह्यांवर त्यांनी ओलं खोबरं घातलं.

मी त्यांना वाडीत गाठलं. ते पहारीवर नारळ सोलत होते.

"बाबा, शिव्या द्या, दोन थोबाडीत मारा. पण हे काय लावलंय?"

त्यांनी वरही पाहिलं नाही. "पाहुण्यांना कोणी मारतं का?"

आई म्हणाली, "चार दिवसांत विसरतील." ते विसरले नाहीत. अख्खा पावसाळा त्यांनी मला अहोजाहो केलं. मी रोपांभोवतीचं गवत काढायला बसले की ते येऊन माझ्या हातातला कोयता हळूच काढून घ्यायचे. "असू द्या. हात खराब होतील." आवाज चढला नाही, शब्द वाकडा गेला नाही. बाहेरचं कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय भला माणूस आहे.

एकदा मला सणकून ताप आला. लहानपणी ताप आला की बाबा उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या बदलायचे. या वेळी ते उंबऱ्याबाहेर थांबले. "डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा बोलवू का?" मी भिंतीकडे तोंड फिरवलं. पावलं दूर जाताना ऐकू आली, आणि मग पलीकडच्या खोलीतल्या लोकांना ते विचारत होते, गरम पाणी मिळालं ना.

निघायच्या दिवशी ते फाटकापर्यंत आले. प्रत्येक पर्यटकाला देतात तशी आमसुलांची पिशवी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "पुन्हा या," म्हणाले. आई पदर तोंडाला लावून मागे उभी होती. माणगाव येईपर्यंत मी ती पिशवी धरून बसले होते. तिथे गाडी थांबली तेव्हा ती कचऱ्यात टाकली.

हॉलंडमध्ये मी मन लावून शिकले. फोन बाबांनी उचलला की "हां, बोला" म्हणायचे आणि आईकडे द्यायचे. आई दबक्या आवाजात एकेक सांगायची: पोफळी वाढल्यात, मांजर व्यायली, गुडघे दुखतात. फोन ठेवताना दर वेळी म्हणायची, "तू ये, सगळं ठीक होईल."

शिक्षण संपलं, तिथेच नोकरी लागली, आणि रुजू होण्याआधी मी घरी आले. आईने आत माझं अंथरूण घातलं होतं. बाबांनी कोपऱ्यातली पर्यटकांची खोली उघडली होती. चावी त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मी ती घेतली.

जेवायला टेबलाशी आणखी माणसं होती. बाबा वाढत होते. "प्रवास कसा झाला तुमचा?"

"छान झाला, काका," मी म्हटलं. आमच्याकडे येणारे सगळेच त्यांना काका म्हणतात. "जेवण फार सुंदर आहे. तुम्हाला मुलंबाळं किती?"

आमटीची पळी हवेत थांबली. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला ते दिसलं आणि बरं वाटलं.

"नाहीत," ते म्हणाले. आणि शेजारच्या माणसाला आमटी वाढली.

आई पोळ्या घेऊन दारात उभी होती. तिने पोळ्या टेबलावर ठेवल्या आणि आत गेली. माणसं उठून गेल्यावर ती कापडी पिशवी घेऊन बाहेर आली.

"मी कधी बाळंत झाले होते की नाही," ती म्हणाली, "तेवढं तुम्ही दोघांनी ठरवा. ठरलं की कळवा."

"आई, अगं..."

"त्यांचं मी समजू शकते. माणूस अडाणी आहे. तू तर शिकून आलीस ना?"

बाबा म्हणाले, "कुठे निघालीस?"

ती फाटकाबाहेर पडली. श्रीवर्धनच्या एसटीत बसली आणि भावाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला आणायला गेले, एकटेच परत आले. मग मी गेले. मामींनी सांगितलं, ती देवळात गेलीये. देवळात ती नव्हती. घराच्या मागच्या दारी तिच्या चपला होत्या. रुजू व्हायची तारीख आली, मी हॉलंडला परतले.

आई अजून मामाकडेच आहे. बाबांनी स्वयंपाकाला गावातली एक बाई ठेवली आहे. आई त्यांचा फोन घेत नाही, माझा कधीतरी घेते. पाऊस पडला, मासळी महाग झाली, एवढंच बोलते आणि ठेवते.

आता बाबा मला आपणहून फोन करतात. इकडचं तिकडचं काही नाही.

"आईचा फोन झाला का?"

कालही त्यांनी विचारलं. कालच झाला होता. तिचा गुडघा फार सुजलाय, चालवत नाही, हे ती मला सांगून बसली होती.

"नाही," मी म्हटलं.