सूचक आणि अनुमोदक

चौथी शिकलेला माणूस सोसायटीचा अध्यक्ष कसा झाला? दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. मंडळी वारल्यावर पोरानं हिंगोलीत हा फ्लॅट घेऊन दिला आणि तो संभाजीनगरला निघून गेला. गावाकडचं, डोंगरकड्याचं शेत भावांकडं सोडून मी इथं दुसऱ्या मजल्यावर येऊन राहिलो.

सोसायटीच्या वकीलबाईंकडून कळलं की फ्लॅट आमचे, पण खालची जमीन सातबाऱ्यावर अजून बिल्डरच्याच नावावर. "सोसायटीच्या नावावर करून घ्या आजोबा, नाहीतर उद्या तो मोकळ्या जागेत अजून एक बिल्डिंग उठवील." माझा जन्म मातीत राबण्यात गेला. दुसऱ्याच्या जमिनीवर राहून राहिलोय हे कळल्यावर अन्न गोड लागेना.

त्यासाठी सभेचा ठराव पाहिजे होता. नोटीस फोनवरच्या ग्रुपात टाकली. अंगठे आले, पण माणसं येतील असं वाटेना. म्हणून रविवारी सकाळी थाळी अन् चमचा घेतला आणि गावात दवंडी देतात तशी वाजवत जिना चढलो.

"आजोबा, लेकरू आत्ताच झोपलंय!"

"झोपू द्या त्याला. तुमी या."

दार लागलं.

शेवटच्या मजल्यावर चाचा एकटेच राहतात. हळदीच्या आडतीवर जन्म काढलेला माणूस. पाण्याच्या मोटारीवरून आमची बोलचाल बंद होती. त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि थाळी काखेत धरून परत फिरलो.

खाली पार्किंगात भाड्याच्या खुर्च्या मांडून बसलो. माणसं पुरी नसली तर अर्धा तास थांबायचं, मग जेवढे असतील तेवढ्यांवर सभा चालते, असं वकीलबाईंनी नोटिशीतच घातलं होतं. पण ठराव मांडायला एक माणूस लागतो अन् त्याला दुजोरा द्यायला दुसरा. सूचक आणि अनुमोदक. सूचक मी होतो. समोर रिकाम्या खुर्च्या. एक जण गाडी काढता काढता म्हणाला, "काका, करून टाका पास, आपला सपोर्ट आहे." त्याच्या गाडीसाठी खुर्च्या मीच सरकवल्या.

अर्धा तास सरत आला तेव्हा जिन्यात चपला वाजल्या. चाचा.

"सगळ्यांच्या दारावर थाळी वाजली. माझ्याच काहून न्हाई?"

"तुमी आले असते का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? वाजवायची तर होती!"

आणि पुढच्याच खुर्चीवर बसले. पार्किंग भरलेलं असावं एवढ्या मोठ्यानं मी ठराव वाचला. चाचांनी अनुमोदक म्हणून उर्दूत सही केली.

"जमीन अपने नाम होगी ना, बराबर?"

"बराबर."

चहाचं विचारावं असं ओठांवर आलं होतं. पण मोटारीचं भांडण आधी त्यांनी काढलेलं. ते वर गेले, मी खुर्च्या गोळा केल्या.

पुढं कितीतरी महिने कचेऱ्यांच्या चकरा मारल्या. शेवटी जमीन सोसायटीच्या नावावर चढली. ग्रुपात टाकलं, पुन्हा अंगठे. पोराला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. मग थाळी काढली. सगळे मजले मुकाट्यानं चढलो आणि शेवटच्या दारावर वाजवली.

"अब कौन सी सभा?" आतून आवाज आला.

"सभा न्हाई," म्हणालो. दार उघडेपर्यंत थाळी धरून तसाच उभा राहिलो.