दाजींचा गाल मुंबईला गेला

परभणी जिल्ह्यातल्या तमाम आजारी माणसांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या दाजींइतका भयंकर माणूस या जिल्ह्यात दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ताडकळसला त्यांचं खताचं दुकान होतं, पण तो जोडधंदा. मुख्य काम आजाऱ्याला भेटायला जाणं. पंचक्रोशीत कुणाला ताप चढला की मोसंब्यांची पिशवी हँडलला अडकवून त्यांची राजदूत फटफटी निघालीच. खाटेशी बसून ते आजाऱ्याचा हात हातात घेत, डोळ्यांत खरंखुरं पाणी आणत आणि घरच्यांकडे वळून, आजाऱ्याला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात सांगत, "अवघड हाय. पोळ्यापर्यंत निघाला तर नशीब समजा." एका शेतकऱ्याला असं ऐकवलं, तर तो कावीळ झटकून उठला आणि पोळ्याच्या दिवशी बैलं मुद्दाम वळवून दाजींच्या दारावरून घेऊन गेला. दाजींनीच पुढे होऊन बैलांना पुरणपोळी भरवली, वर म्हणाले, "बैलं लय देखणी हायत. ह्याच्या माघारी कोण बघंल ह्यांना?" पुढे पुढे तर राजदूतचा आवाज आला की बायका आजाऱ्याला उठवून ओट्यावर बसवत आणि हातात वर्तमानपत्र देत.

दाजींच्या डाव्या गालात तंबाखू-चुन्याचा कायमचा मुक्काम असे. जेवणापुरता तेवढा तो बाहेर येई. विद्यापीठाचं नामांतर होऊन थोडेच महिने झाले होते, उन्हाळा तापला होता, तेव्हा एके दिवशी अक्का सेलूला माझ्या घरी आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "भाकरी दुधात कुस्करून खायलेत. तोंड पुरतं उघडत न्हाई. आन् महिना झाला, ह्यांनी एका बी आजाऱ्याला मारलं न्हाई. मला भ्या वाटायलंय."

परभणीच्या डॉक्टरांनी गालातला लहानसा तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. गाठ काढायची हे ठरलंच. पण डॉक्टर म्हणाले, मुंबईत एक नवी तपासणी सुरू झालीय. तुकड्यावर खास रंग चढवतात आणि पेशींत एक प्रथिन किती साचलंय ते बघतात. ते जास्त असलं तर रोग पुन्हा उलटण्याची धास्ती जास्त; मग शस्त्रक्रियेनंतर किरणंही द्यायची.

"म्हणजे निकाल?" दाजींनी विचारलं.

"अंदाज," डॉक्टर म्हणाले.

दाजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. येताना एसटीत त्यांच्या शेजारी एक म्हातारा अख्खी वाट खोकत होता तरी त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

तुकडा आता एका मेणाच्या वडीत बसवलेला होता. पोस्टाने पाठवली तर उन्हात वितळेल, म्हणून ती हाताने मुंबईला पोचवायची कामगिरी माझ्याकडे आली. पण अक्काच्या घरातून महत्त्वाची वस्तू हळदीकुंकवाशिवाय उंबरा ओलांडत नाही. बियाण्याची पिशवी असो, नवी राजदूत असो, पोराचं परीक्षेचं हॉलतिकीट असो. मी वडी गार ठेवायला ओलं फडकं आणायला आत गेलो तेवढ्यात तिने वडी पाटावर मांडली, हळदीकुंकू लावलं आणि निरांजन घेऊन ओवाळायला लागली. परत येऊन पाहतो तो वडीला घाम फुटलेला आणि दाजी भिंतीला टेकून कळवळून म्हणताहेत, "अगं, दिवा लांब धर. मी वितळायलोय."

मी वडी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि निघालो. मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या माणसाने फडकं सोडलं आणि चष्मा वर केला.

"हा लाल रंग कुणी लावला?"

"बहिणीनं."

"रंग आम्ही लावतो," तो म्हणाला.

वडी बाद झाली तर त्या दुखऱ्या गालाला पुन्हा पातं लागणार, आणि ते दाजींना कोण सांगणार? त्या माणसाने पात्याने वरचा पापुद्रा अलगद खरवडला, वडी खिडकीकडे धरून पाहिली. "आतलं शाबूत आहे," म्हणाला. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो.

अहवाल आला. प्रथिन जास्त निघालं.

पुढे शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली, गाल आत गेला, बोलणं बोबडं झालं, आणि दाजींना आणखी काही वर्षं मिळाली. त्या वर्षांतही ते आजाऱ्यांकडे जात, पण मोसंबी ठेवून गप्प बसून येत; लोकांना त्याचीच जास्त धडकी भरे. आता दाजी नाहीत. कुणी आजारी पडलं की आम्ही सगळे गोड गोड बोलतो, आणि आजारी माणूस मात्र लवकर उठत नाही.

पण मला आठवते ती अहवालाच्या दिवशीची डॉक्टरांची खोली. डॉक्टर म्हणाले होते, "अशा पुष्कळ जणांत रोग उलटलेला दिसतो. तुमचं नेमकं काय होईल, ते मला सांगता येणार नाही." दाजींनी माझं मनगट धरलं होतं. आणि नवऱ्यासमोर परक्या माणसाशी कधी अवाक्षर न काढणारी आमची अक्का एकाएकी बोलून गेली, "साहेब, लगीन झाल्यापासून मी ह्यांचे अंदाज ऐकायलेय, एक बी खरा निघाला न्हाई. मग तुमचाच कशापायी निघंल?"