हेमलालच्या हातचा टिळा

ओसाकातल्या त्या दोन खोल्यांत सात नेपाळी पोरं-पोरी राहायची. हेमलाल रिजाल त्यांच्यात थोरला. तिशी उलटल्यावर शिकायला आलेला; सकाळी कॉलेज, संध्याकाळी डबे भरायचा कारखाना. जपानी त्याच्याइतकं कुणालाच यायचं नाही, म्हणून घरमालक असो, दवाखाना असो, सगळीकडे त्यालाच पुढे करायचे. "दाइ, चल ना!" असं थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हटलं की हा निघालाच.

दशैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, थोरल्यानं धाकट्यांना टिळा लावायचा. हेमलालनं कपाटातल्या अंधारात जवाचे पिवळेधमक कोंब वाढवले, बोकडाचं मटण शिजवलं, दही-तांदळात शेंदूर कालवला. निरोज थापा आणि आणखी दोघं टिळा लावून घेऊन, कोंब कानाशी खोचून बाजूला झाले. मग सुदीक्षा बसली. उपाध्यायांची ही मुलगी नेपाळातल्या बागलुंगहून नुकतीच आली होती.

"दाइ, तुम्हीही बागलुंगचेच ना? कुठलं गाव?"

हेमलालनं सांगितलं.

"अगंबाई, आमच्या शेजारचंच की! तिथला हर्के लोहार माहितीय? आमच्या कोयत्यांना धार लावायला येतो. अंगणाबाहेर बसतो बिचारा, त्यांच्या जातीला आत घेत नाहीत ना."

"माझे बाबा," हेमलाल म्हणाला.

त्याची बोटं तिच्या कपाळापर्यंत आली होती. तिनं मान मागे घेतली आणि हसली. "मला वाटलं, रिजाल म्हणजे बामणच. लोहारांच्यातही रिजाल असतात, नाही का?"

निरोज उठून बेसिनवर गेला. नळ बराच वेळ वाहत होता. "मनाला लावून घेऊ नकोस हं, दाइ," कपाळ पुसत तो म्हणाला. "आई व्हिडिओवर विचारेल ना, कुणी लावला म्हणून." मागोमाग ते दोघंही कपाळ धुऊन आले.

पोरांनी पिझ्झा मागवला. मटणाला कुणी हात लावला नाही. हेमलाल एकटाच पातेल्याशी बसला, पण घास उतरेना. सगळं कचऱ्यात गेलं. तेही त्यालाच भरावं लागलं.

पुढच्याच आठवड्यात सुदीक्षा दारात उभी. "दाइ, आरोग्यविम्याचं काम अडलंय, इथं ते नगरपालिकेत होतं. येता का? तुमच्याशिवाय इथं मला कोण आहे?"

तो गेला. खिडकीतल्या बाईनं सुदीक्षाला विचारलं, हे तुमचे कोण?

"मोठा भाऊ!" सुदीक्षा मोडक्यातोडक्या जपानीत झटकन म्हणाली.

हेमलाल कमरेत वाकला आणि अगदी अदबीच्या जपानीत बोलला, "नाही हो, मी यांना ओळखत नाही. रस्त्यात मागे लागल्या. कुणालाही भाऊ म्हणतात. यांचे कागद नीट तपासून घ्या."

बाईचा चेहरा गंभीर झाला. तिनं आतून साहेबांना बोलावलं. सुदीक्षाला त्या अदबीच्या जपानीतलं एक अक्षर कळलं नव्हतं. ती हसून मान डोलवत होती.

"बस इथं, बहिनी," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं हेमलाल नेपाळीत म्हणाला. "सगळं सांगितलंय मी."

आणि तो बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या खानावळीत गेला. खिशात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. त्यानं सावकाश, चाटूनपुसून जेवण केलं. दशैंपासून पहिल्यांदाच त्याला अन्न गोड लागलं.