दगड वेचलेली बाग

सासऱ्यांना सगळे खडेकाका म्हणत आणि त्यांना ते आवडे. चहा संपला की घमेलं उचलायचं, द्राक्षबागेतल्या ओळींमधले दगड वेचायचे आणि बांधावरच्या भिंतीवर नेऊन रचायचे. उभा जन्म त्यांनी यात घातला. उताराचा खालचा अर्धा भाग त्यांनी असा मऊ केला होता, की चालताना पाय रुतावा. वरच्या अर्ध्याला हात लावायच्या आधीच गुडघ्याने दगा दिला आणि तो तुकडा खडकाळच राहिला. "तेवढं एक राहिलंय," असं ते आल्यागेल्याला सांगत, जणू घरातली धाकटी मुलगी उजवायची राहिली आहे.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुर्दैवाने उत्तम झालं.

वाइनरीची बाई द्राक्षं चाखायला आली, तेव्हा सासरे गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेले होते. सूनबाई एकटीच बागेत होती. बाईंनी वरचा मणी चावला, बी दाताखाली फोडली आणि मान डोलावली. खालचा मणी चावला आणि थुंकून टाकला.

"खालच्या मऊ मातीत पाणी साचून राहतं. वेल नुसती पाणी पिते आणि पाला वाढवते. मणी फुगतो, पण पाणचट. वर दगडांतून पाणी निघून जातं, वेल जरा उपाशी राहते, आणि तापलेले दगड ऊन गेल्यावरही ऊब देतात. मणी बारीक, पण रस बघा! यापुढे मी वरचीच घेईन. तिथले दगड मात्र कुणाला हलवू देऊ नका."

सूनबाई "हो" म्हणाली खरी, पण वरच्या पहिल्या ओळीतले दगड सासऱ्यांनी कालच वेचले होते.

"तूच सांग," नवरा म्हणाला. "तुझं ऐकतात ते." या घरातल्या पुरुषांना हे वाक्य फक्त अवघड वेळीच आठवतं.

तिने घमेलं टाकीमागे लपवलं, तर त्यांनी बादली घेतली. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय, असं तिने ठोकून दिलं, तर त्यांनी तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. रोज आणखी एक ओळ बोडकी होत होती. तिचं जेवणात लक्ष नव्हतं, झोप उडाली होती. बाग हातची जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. याच माणसाने तिच्या हातात पहिल्यांदा छाटणीची कात्री दिली होती आणि तिने चुकीची फांदी कापली तेव्हा तो हसला होता. त्याच्या अख्ख्या जन्माला चूक कोणत्या तोंडाने म्हणायचं?

शेवटी एका दुपारी तिने दोन वाट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "बाबा, जरा चाखून सांगा."

त्यांनी एका वाटीतला मणी खाल्ला आणि तोंड वाकडं केलं. दुसरीतला खाल्ला, मग आणखी एक, मग डोळे मिटून तिसरा.

"ही आपली खालची," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "मेहनत लपत नाही गं."

तिला वाटलं, इथेच थांबावं. हो म्हणावं आणि वाट्या उचलाव्यात. "ती वरची आहे, बाबा," ती म्हणाली आणि बाईंनी सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

ते उठून आत गेले आणि संध्याकाळी जेवायलाही आले नाहीत.

सकाळी अंथरूण रिकामं होतं आणि टाकीमागचं घमेलंही गायब होतं. सूनबाई अनवाणीच पळत सुटली. वरच्या ओळींत ते नव्हते. खाली, बांधावरच्या भिंतीपाशी ते वाकले होते. भिंतीचा वरचा थर उतरला होता आणि मऊ मातीत वेलींच्या बुंध्याशी दगड मांडलेले होते.

"बाबा, याने गोडी येईलच असं नाही. बाईंना विचारायला हवं."

"विचार. तोवर मी थांबत नाही." त्यांनी आणखी एक दगड उचलला आणि हाताने पुसला. "वेचायला जन्म गेला. पसरायला तेवढा वेळ नाही माझ्याकडे. ती बादली आण."