दाभणकाकूंची हाडाची पट्टी

दाभणकाकूंना कुणी ‘कशा आहात?’ असं विचारलं, तर त्या आधी ‘का?’ म्हणायच्या. विचारणाऱ्याचं समाधानकारक उत्तर आलं, तरच पुढे ‘बरी आहे’. दाभण म्हणजे पुस्तक शिवण्याआधी कागदांना भोकं पाडायची जाड टोकदार सुई. ती त्यांच्या हातात कायम असायची, म्हणून हे नाव पडलं असं निम्मे लोक समजतात. उरलेले निम्मे त्यांच्याशी कधीतरी बोललेले आहेत.

त्यांचा कागदावरसुद्धा भरवसा नव्हता. ताव हातात आला की एकदा उभा वाकवून बघायचा, एकदा आडवा. कागद एका अंगाने मुकाट वाकतो, दुसऱ्या अंगाने कुरकुरतो. मुकाट वाकतो त्याच अंगाने घडी घालायची, नाहीतर पुस्तक जन्मभर तोंड उघडं टाकून बसतं. ‘कुठून वाकतो ते कळेपर्यंत विश्वास ठेवायचा नाही,’ असं त्या शिकवायच्या आणि लगेच टेबलाभोवतीच्या माणसांकडे अशा बघायच्या, की जो तो आपण कुठून वाकतो याचा विचार करू लागे.

हे शिकवणं चालायचं आमच्या सार्वजनिक वाचनालयात, दर शनिवारी. आमच्या ग्रंथपालबाई उत्साही. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आपण सगळे मिळून’ने सुरू होतं. लहानथोरांनी एकत्र बसून हाताने पुस्तकं बनवावीत, असं त्यांच्या डोक्यात आलं आणि त्या काकूंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. काकूंचा पहिला प्रश्न, ‘माझं नाव कुणी सांगितलं?’ दुसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण मनात ठेवला: या बाईंना आपल्याकडून वाचनालयाची फाटकी पुस्तकं फुकटात शिवून घ्यायची असणार. आता हा संशय अगदीच हवेतला होता असं मी म्हणणार नाही. ‘हळूहळू आपली दुरुस्तीही होऊन जाईल,’ हे वाक्य मी ग्रंथपालबाईंच्या तोंडून या कानांनी ऐकलंय. पण चहाडी करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून ते मी काकूंना सांगितलं नाही. फक्त त्यांच्या शेजारणीला सांगितलं.

वर्ग भरायचा तो वर्तमानपत्रांच्या दालनामागच्या खोलीत. मध्ये काचेची भिंत आहे आणि माझी खुर्ची नेमकी त्या भिंतीला लागून. काचेतून दिसायचं सगळं, ऐकू मात्र काही यायचं नाही. हा अन्याय फार दिवस सोसवला नाही, तेव्हा मीही नाव घातलं. आत जमायची मंडळी बघण्यासारखी. शाळकरी पोरी, त्यांच्या आज्या, बस चालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ (त्यांना सगळे ‘हॉर्न’ म्हणत, कारण बोलण्याआधी ते घसा खाकरायचे) आणि एक दाताचे डॉक्टर. डॉक्टर काडेपेटीएवढी पुस्तकं बनवायचे. एवढ्याशा पुस्तकात लिहिणार काय, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘पेशंट जेवढं बोलू शकतो तेवढं.’

पण या सगळ्या हत्यारांत नि माणसांत काकूंचा जीव होता तो एका हाडाच्या पट्टीत. वीतभर लांब, बोटभर रुंद, साईसारख्या रंगाची. घडी घातल्यावर कागदावरून ही पट्टी दाबून ओढली की घडी अशी बसते, जशी कागद जन्मला तेव्हापासून तिथे होती. पट्टी काकूंच्या सासऱ्यांची. ते बाइंडर होते, घराखालीच दुकान. काकू लग्न होऊन आल्या आणि वर्षभरात दुकानात बसून घड्या घालायला लागल्या. पट्टी आधी सासऱ्यांच्या हातात झिजली, मग काकूंच्या. झिजून झिजून पुठ्ठ्याएवढी पातळ झाली होती आणि काकूंचा अंगठा तिच्यात बरोबर बसायचा.

आता यातली गोम ऐका. सासरे गेल्यावर दुकान बंद झालं, हत्यारांची वाटणी झाली. पट्टी काकूंनी उचलली. त्यावर त्यांच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, की मामंजींनी आजारपणात पट्टी माझ्या हातात ठेवली होती, हिला सांभाळ म्हणाले होते. काकूंचं म्हणणं, ‘त्या तापात त्यांनी थर्मामीटर मला दिला आणि सांगितलं याने घड्या घाल.’ तेव्हापासून दोघी एकाच जिन्याने वर-खाली करतात, पण जिन्यात समोरासमोर आल्या की दोघींनाही काहीतरी विसरल्याचं आठवतं आणि दोघी मागे फिरतात.

आणि एका शनिवारी ही धाकटी वर्गात येऊन बसली. दाराबाहेरच्या फलकावर ‘सर्वांसाठी खुला’ असं लिहिलेलं, तेव्हा काकू तरी काय बोलणार. त्यांनी नुसतं ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, आपण सगळे मिळून किती छान. धाकटी शेवटच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर, नजर पट्टीवर. निदान काकूंनी तसं मला सांगितलं. मला ती खिडकीबाहेर बघताना दिसली, पण मी वाद घातला नाही. संशयाला खतपाणी घालायला मला फार आवडतं.

त्या दिवशी काकू पुठ्ठ्याची बांधणी दाखवत होत्या. म्हणजे दोन बाजूंना दोन पुठ्ठे, मधोमध पुस्तकाच्या कण्यासाठी एक अरुंद पट्टी, हे सगळं खळ लावलेल्या कापडावर मांडायचं आणि कापडाच्या कडा आत दुमडायच्या. नेहमीचा करडा पुठ्ठा संपला होता, म्हणून जुन्या कॅलेंडरांचे साईच्या रंगाचे पुठ्ठे कापून घेतले होते. काकूंच्या हातांना या कामात डोळ्यांची गरज लागत नसे, त्यामुळे डोळे मोकळे होते आणि ते धाकटीवर होते. तिने कात्री कुठे ठेवली, पिशवी कुठे ठेवली, हात पिशवीत का गेला, रुमाल काढायला गेला तर रुमाल एवढा मोठा का. हात इकडे खळ लावतायत, मांडतायत, दुमडतायत, तोंड समजावून सांगतंय आणि डोळे तिकडे पहारा देतायत.

वर्गाची एक पद्धत होती. काकूंनी दाखवायला केलेलं पुस्तक शेवटी चिठ्ठी टाकून कुणाला तरी मिळायचं. त्या दिवशी चिठ्ठी निघाली धाकटीची. काकूंनी बाकीच्या चिठ्ठ्याही उघडून पाहिल्या, सगळ्यांवर तिचंच नाव नाही ना म्हणून. नव्हतं. पुस्तक दाबाखाली वाळायला गेलं आणि पुढच्या शनिवारी ते तिने घेऊन जायचं ठरलं.

आवराआवर करताना टेबलावर पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी जास्तीची सापडली. ‘कुणी कापली ही? पुठ्ठा काय झाडाला लागतो?’ काकूंनी हॉर्नसाहेबांकडे पाहिलं. ते खाकरले आणि नाही म्हणाले. खाकरून दिलेल्या नकारावर काकूंचा विश्वास बसला नाही. त्या आणखी बोलणार तेवढ्यात त्यांचा हात नेहमीच्या जागी गेला आणि तिथे हाडाची पट्टी नव्हती.

पुढचं वर्णन काय करू. टेबलं सरकली, खुर्च्या उलट्या झाल्या, खळीच्या भांड्यात हात घालून झाला. मग काकू दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी पिशव्या उघडून दाखवाव्यात असं म्हणाल्या. पोरींना मजा वाटली. डॉक्टरांना राग आला, कारण मागे एकदा त्यांनी ही पट्टी कुठल्या जनावराच्या हाडाची म्हणून विचारलं होतं आणि आता ते प्रकरण नव्याने उघडलं गेलं. माझ्या पिशवीत वाचनालयाचं मासिक निघालं, तो वेगळा विषय. धाकटीने पिशवी टेबलावर पालथी केली, एकेक वस्तू पुन्हा भरली आणि एक शब्द न बोलता गेली. तिचं हे न बोलणंच काकूंना पुरावा वाटलं. ‘निर्दोष माणूस भांडतो,’ असं त्या मला म्हणाल्या.

पुढचे शनिवार वर्गात बसवत नव्हतं. काकू चमच्याच्या दांड्याने घड्या घालायच्या आणि प्रत्येक घडीनंतर उसासा टाकायच्या, तोही कुणाच्या तरी दिशेने. लोक पिशव्या न आणता हात हलवत यायला लागले. मग लोकच येईनासे झाले. काकूंनी ग्रंथपालबाईंना स्वच्छ सांगून टाकलं, की वर्गाच्या पुस्तकांचं प्रदर्शन भरणार आहे, तोवर पट्टी मिळाली नाही तर आपण शिकवणं सोडलं. ‘हाताशिवाय काय शिकवू?’ हे वाक्य मात्र त्या टोमणा मारल्यासारखं बोलल्या नाहीत. ते मी ऐकलं आणि त्या दिवशी ते कुणालाही सांगितलं नाही. दुकान गेल्यापासून या शनिवारांवरच ही बाई उभी होती. एवढं कळायला गप्पिष्ट असावं लागत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी लांब टेबलावर सगळ्यांची पुस्तकं उभी केली होती. धाकटीनेही चिठ्ठीत मिळालेलं पुस्तक आणलं. आत सगळं कोरं. एक ओळही लिहिलेली नाही, पण आणलं होतं रेशमी रुमालात गुंडाळून. कोरं पुस्तक रेशमात कोण गुंडाळतं, हा प्रश्न मला पडला आणि मी तो जपून ठेवला.

डॉक्टरांना एक खोड आहे. दिसेल त्यावर बोटाने टकटक करून बघायचं. ते एकेका पुस्तकाच्या कण्यावर टकटक करत आले आणि धाकटीच्या पुस्तकापाशी थांबले. पुन्हा वाजवलं. ‘याच्यात काहीतरी भरलंय,’ म्हणाले, ‘भरलेल्या दातासारखा आवाज येतोय.’

काकूंनी पुस्तक उचललं. कण्यावरून अंगठा खाली आणला. एका टोकाला कणा गोल होता. पुठ्ठ्याची पट्टी कधी गोल असत नाही. आणि मध्ये एक खळगा, ज्यात अंगठा बरोबर बसला. काकूंचा चेहरा आधी उजळला आणि लगेच नेहमीसारखा झाला. त्यांनी धाकटीकडे रोखून पाहिलं. म्हणजे हिने पुस्तक उसवून पट्टी आत लपवली तर. त्यांनी मुखपृष्ठ उघडलं, कापडाची दुमड बघायला, कुठे उसवल्याची खूण आहे का. कोपरे बघितले. पुन्हा बघितले. कोपऱ्यावर कापडाला दोन चिमट्या देऊन दुमडायची पद्धत त्यांच्या सासऱ्यांची होती आणि आता जगात ती एकाच माणसाला येत होती. कापड कुठेही हललेलं नव्हतं. त्या दिवशी साईच्या रंगाच्या पुठ्ठ्याऐवजी साईच्या रंगाचं हाड कुणाच्या हाताने कण्यात मांडलं गेलं आणि टेबलावर एक पट्टी जास्त का झाली, हे त्यांना आमच्यासमोर, उभ्या उभ्या कळलं. हॉर्नसाहेबांनाही कळलं असावं, कारण ते नुसतेच खाकरले.

काकूंनी पुस्तक खाली ठेवलं. कापायची सुरी हाताशी होती. पण पुस्तक धाकटीचं होतं.

‘अगं,’ त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत धाकटीला उद्देशून निघालेला हा पहिला शब्द. ‘मीच घातली गं ही. माझ्या हाताने. कापू का?’

धाकटीने पुस्तक जवळ ओढलं. ‘मामंजी मलाच देत होते, तर तुम्ही म्हणालात तापात दिली. आता तुम्हीच दिलीत, जाऊबाई. शुद्धीवर होतात ना? आणि नुसती नाही दिलीत, बांधून दिलीत.’

‘तुला माहीत होतं आत आहे ते?’

‘तुम्ही पिशव्या उघडायला लावल्या होत्या. पुस्तक उघडा असं कुणी म्हणालं नाही.’

आता हे ‘हो’ झालं की ‘नाही’ झालं, यावर आमच्या गल्लीत आजही दोन तट आहेत. मी दोन्हीकडे आहे. त्या दिवशी काकूंना भांडता आलं असतं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण ते मिटलं आणि त्यांनी ताव उचलला, एकदा उभा वाकवला, एकदा आडवा, घडी घातली आणि हात पुढे केला. मागितलं काहीच नाही. धाकटीने पुस्तक दिलं, पण आपलं बोट त्यावरून काढलं नाही. काकूंनी पुस्तकाचा कणा घडीवर टेकवला आणि दाबून ओढला. कापडातूनसुद्धा घडी बसली, चमच्यापेक्षा कितीतरी चांगली.

तेव्हापासून वर्ग पुन्हा भरतो. दर शनिवारी धाकटी रेशमी रुमालातून पुस्तक आणते, काकू त्याच्या कण्याने घड्या घालतात, आणि वर्ग सुटला की ते पुस्तक पुन्हा रुमालात. घेताना काकू कणा उजेडात धरून बघतात, परत घेताना धाकटी बघते. कारण कापड झिजत चाललंय. खालच्या टोकाशी हाडाचं एक साईच्या रंगाचं टोक बाहेर डोकावायला लागलंय.

धाकटीचं म्हणणं, जाऊबाई मुद्दाम जास्त दाबून ओढतात, कापड फाटून पट्टी आपोआप हातात यावी म्हणून. काकूंचं म्हणणं, ही घरी गुपचूप घड्या घालायचा सराव करते. दोघींनी हे मला वेगवेगळं, विश्वासाने सांगितलंय. मी अगदी लक्ष देऊन बघतो. काकू तर वरच्या टोकाने घडी घालतात.